सुतावरून स्वर्ग

'सुतावरून स्वर्ग गाठणे' या वाक्प्रचाराचा अर्थ वर्गात शिकवताना आम्ही वर्षानुवर्षे एकाच साच्यात सांगत आलो आहोत : किरकोळ आधारावरून भलताच मोठा निष्कर्ष काढणे. विद्यार्थी तो वहीत उतरवून घेतात, परीक्षेत त्याचा वाक्यात उपयोग करतात आणि आम्ही त्यांना गुण देतो. या वाक्प्रचारातले सूत खरोखरीचे सूत असू शकते, आणि त्यावर खरोखरीचा जीव लोंबकळत असू शकतो, हे आमच्या कधी ध्यानात आले नव्हते. ते यायला मावळातल्या एका कड्याच्या काठावर उभे राहावे लागले.

आम्ही पिंपरी-चिंचवडच्या परिसरात मराठी शिकवणारी माणसे. हे शहर पाळ्यांवर चालते. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, मग मोटारींचे आणि दुचाकींचे कारखाने आले, १९८२ साली महानगरपालिका झाली आणि पुढे उद्योगांचा हा पट्टा इंद्रायणी ओलांडून चाकणपर्यंत पसरला. आमच्या वर्गात बसणाऱ्या मुलांचे वडील कारखान्यात होते. आता ती मुलेही तिथेच आहेत. या शहराची आणखी एक खासियत बाहेरच्यांना फारशी ठाऊक नसते. इथला कामगार सुट्टीच्या दिवशी डोंगरात जातो. रात्रपाळी संपवून तसाच लोहगड-विसापूरच्या वाटेला लागणारी, तैलबैलाच्या जुळ्या भिंतींवर आणि लिंगाण्यावर दोर लावणारी मंडळी या शहरात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. महाराष्ट्राच्या गिर्यारोहणाचा अभिमानाने सांगितला जाणारा इतिहास (२०१२ साली गिरिप्रेमी संस्थेचे आठ गिर्यारोहक एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले, तो क्षण त्यातलाच) अशाच रविवारांच्या पायावर उभा आहे.

तर गेल्या वर्षी आम्ही काही सहकारी हौसेने अशाच एका 'रॅपलिंग'च्या कार्यक्रमाला गेलो. आयोजक कोण, हे सांगण्याची गरज नाही. तसे आयोजक आता पुष्कळ आहेत. सोबत आमचा एक जुना विद्यार्थी होता. बी.ए.ला त्याचे मराठी बेताचेच होते. सध्या तो चाकणला एका कारखान्यात जुळणीच्या लाईनवर असतो आणि वर्षातले बरेच रविवार कड्यांवर घालवतो. आमच्यापैकी एकजणी कमरेचा हार्नेस चढवून काठावर उभ्या राहिल्या. आयोजकांच्या मुलाने "मॅडम, रिलॅक्स. फक्त विश्वास ठेवा," असे हसत सांगितले. त्या मागे झुकणार, तेवढ्यात आमचा विद्यार्थी पुढे झाला. "मॅडम, एक मिनिट. पट्टा उलटा ओवलेला नाही."

जुन्या पद्धतीच्या हार्नेसचे बकल असे असते की पट्टा त्यातून एकदा ओवून ओढला, तर तो घट्ट बसल्यासारखा वाटतो. पण खरा पक्का होतो तो त्याचे टोक पुन्हा उलटे त्याच बकलातून ओवल्यावरच. एकदाच ओवलेला पट्टा जमिनीवर उभे असताना मुळीच सरकत नाही. तो सरकतो पूर्ण भार आल्यावर, म्हणजे माणूस काठापलीकडे गेल्यावर. आमच्या विद्यार्थ्याने पट्टा उलटा ओवला, ओढून पाहिला, मग मॅडमचा हात धरून त्यांचे बोट बकलावर ठेवले आणि म्हणाला, "माझ्यावर विश्वास ठेवू नका मॅडम. बोटाने बघा."

त्या दिवशी काही घडले नाही, सगळे सुखरूप उतरलो. घडले नाही म्हणूनच त्यावर शांतपणे विचार करता येतो, आणि आमचे मत मांडण्यासाठी हा लेख आहे. ते मत थोडक्यात असे : विश्वास ही ठेवण्याची वस्तू नाही, जुळवण्याची आहे. आणि साधन जितके हलके, तितकी ही जुळवणी वापरणाऱ्याच्या अंगावर येते.

हलकेपणाविषयी आपल्या भाषेचे मत मुळातच चांगले नाही. हलका माल, हलक्या कानाचा, हलकट. उलट भारदस्त, वजनदार, भरभक्कम. जड ते टिकाऊ आणि हलके ते तकलादू, हा आपला जुना हिशेब आहे, आणि एका काळी तो खराही होता. कोंढाण्याच्या कथेतली घोरपड आठवून पाहावी. १६७० साली तानाजीने घोरपडीच्या कमरेला दोर बांधून कडा सर केला, ही कथा इतिहास म्हणून अभ्यासकांना मान्य नाही. पण पोवाड्याने आणि हरिभाऊ आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला'ने ती आपल्या मनात पक्की रुजवली आहे. त्या कथेतला तपशील मोठा बोलका आहे. घोरपड आधी परत येते, मग तिला दम भरला जातो, मगच ती चिकटते. कथा रचणाऱ्यालाही साधनावरचा विश्वास एका फेकीत बसलेला दाखवावासा वाटला नाही.

पुढे काथ्या-अंबाडीचे दोर गेले आणि नायलॉनचे आले. पोलादी कॅराबिनर जाऊन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे आले, वजनाने कितीतरी हलके. आता डायनीमासारख्या धाग्याच्या बोटभरही रुंद नसलेल्या फिती आल्या आहेत. त्यांची ताकद जुन्या रुंद नायलॉन पट्ट्यांइतकीच असते. हलके म्हणजे कमकुवत हा हिशेब इथे साफ चुकतो. पण म्हणून हलके म्हणजे नुसतीच सोय, असा उलटा हिशेबही बरोबर नाही. नायलॉन दोनशे अंश सेल्सिअसच्या पुढे वितळते. डायनीमाचा धागा दीडशेच्या अलीकडेच. भरभर उतरल्यावर तापलेल्या डिसेंडरला ती फीत टेकू द्यायची नसते. तिला नायलॉनइतका ताणही सोसवत नाही, कारण ती लवचीकपणे लांबत नाही. झटका बसला तर तो जवळपास सगळा माणसाच्या अंगावर येतो. जाड पट्टा वापरणाऱ्याच्या बऱ्याच चुका पोटात घालत असे. बारीक फीत त्या घालत नाही. साधनातून जे वजन कमी झाले, ते नाहीसे झालेले नाही. ते वापरणाऱ्याच्या अवधानात जाऊन बसले आहे.

आणि हे अवधान अक्षरशः वाचनाचे आहे. कॅराबिनरच्या पाठीवर तीन आकडे कोरलेले असतात. लांबीच्या दिशेने, फाटक बंद असताना, तो किमान २० किलोन्यूटन भार सोसेल असे युरोपीय मानक सांगते. म्हणजे ढोबळमानाने दोन हजार किलोंइतका. तोच तुकडा आडवा पडला किंवा त्याचे फाटक उघडे राहिले, तर मानकाची अपेक्षा ७ वर येते. वस्तू एकच, ती कशी धरली आहे यावर तिची ताकद एक-तृतीयांश होते. आम्ही आयुष्यभर संहितेचे सूक्ष्म वाचन शिकवले, पण ज्या तुकड्यावर आमचा भार होता त्यावरची तीन आकड्यांची संहिता आम्ही वाचलीच नव्हती, याची आम्हांला मनापासून लाज वाटली.

त्या दिवशी आमच्या विद्यार्थ्याने आणखी एक गोष्ट केली. मुख्य दोराभोवती सहा मिलिमीटर जाडीच्या दोरीचे वेढे घालून त्याने प्रत्येकाच्या हार्नेसला एक जादा फास जोडला. ही प्रूसिक गाठ. कार्ल प्रूसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने १९३१ साली ती प्रसिद्ध केली. वाद्याच्या तुटलेल्या तारा जोडण्यासाठी ही गाठ त्याने आधी वापरली होती, असेही सांगतात. तिचे मर्म असे की भार नसताना ती हाताने सहज सरकते, आणि भार येताच मुख्य दोराला आवळून धरते. उतरणाऱ्याचा हात सुटला, त्याला भोवळ आली, वरून दगड लागला, तर ही बारीक दोरी त्याला जागच्या जागी थांबवते. सहा मिलिमीटरच्या चांगल्या दोरीची ताकद सातशे किलोंच्या वर असते, तेव्हा प्रश्न ती तुटण्याचा नसतो. प्रश्न वेढ्यांचा असतो. वेढे कमी पडले तर गाठ धरत नाही. जास्त झाले तर ती अशी आवळते की माणूस अर्ध्या कड्यावर अडकून बसतो, ना वर ना खाली. दोर पावसात भिजला, चिखलाने माखला, की कालचे वेढे आज चालत नाहीत. दोरी मुख्य दोराइतकीच जाड असली तर पकड बसत नाही. म्हणून दर वेळी, दर दोरावर, काठाच्या अलीकडे भार टाकून पाहायचा आणि मगच पलीकडे जायचे. तंबोऱ्याची जवारी लावणाऱ्याला हे चटकन कळेल. मिरजेचा कितीही नामांकित तंबोरा असला, तरी घोडीवर तारेखाली सरकवलेला सुताचा धागा केसभर इकडेतिकडे झाला की तार बोलत नाही. आणि हा धागा कारागिराने एकदाच लावून द्यावा असा नसतो, गाणाऱ्याला तो दर बैठकीत लावून घ्यावा लागतो.

आमच्या या विद्यार्थ्याने काही वर्षांपूर्वी गुलमर्गला बर्फावरच्या घसरणीचे प्राथमिक शिक्षण घेतले आहे. तिथे परदेशी भटक्यांच्या पायांत पाहिलेल्या एका साधनाचे वर्णन त्याने परतीच्या वाटेवर केले. स्की लावून डोंगर चढणारे लोक बूट आणि स्की यांच्यामध्ये एक अगदी हलके बंधन वापरतात. १९८०च्या दशकात फ्रिट्झ बार्टेल या ऑस्ट्रियन माणसाने ते घडवले. पुढच्या बाजूला दोन टोकदार खुंट्या बुटाच्या चवड्यातल्या दोन खळग्यांत बसतात. चढताना टाच मोकळी राहते; उतरताना टाचेलाही दोन खुंट्या धरतात. बस्स, एवढाच आधार. पण खरी गंमत पुढे आहे. या बंधनाचे काम नुसते धरून ठेवण्याचे नाही, योग्य क्षणी सोडून देण्याचेही आहे. माणूस पडला आणि पाय पिरगळू लागला, तर बूट सुटलाच पाहिजे, नाहीतर हाड मोडते. आणि वळण घेताना तो सुटता कामा नये, नाहीतर माणूस दरीत जातो. किती जोराला सुटावे, हे माणसाचे वजन, उंची, वय, कौशल्य आणि बुटाच्या तळव्याची लांबी पाहून स्क्रूने ठरवतात. बंधन नीट लावले, पण पुढच्या स्प्रिंगखाली बर्फ दाबून बसले, तर खुंट्या पुऱ्या मिटत नाहीत. मिटल्यासारख्या मात्र दिसतात. म्हणून जाणकार आधी बर्फ खरवडून काढतो, पाय अडकवल्यावर झुलवून पाहतो, मगच उताराला लागतो.

घट्ट असणे म्हणजे विश्वासार्ह असणे नव्हे, हा धडा या दोन्ही साधनांत आहे. आपल्याकडे मात्र "कच्च आवळलंय" हे खात्रीचे शेवटचे वाक्य समजले जाते. चाकणच्या लाईनवर काम करणारा तसे म्हणत नाही. बोल्ट आवळणे म्हणजे त्याला किंचित ताणणे. तो ताणलेला बोल्ट स्प्रिंगसारखा दोन भागांना एकत्र दाबून ठेवतो. पान्यावर आपण जो जोर लावतो, त्यातला नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग बोल्टच्या डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात जातो, आणि जेमतेम दहावा हिस्सा खऱ्या कामी येतो. त्यामुळे आट्यांवर तेलाचा थेंब असला किंवा गंज असला, तर तोच जोर वेगळाच ताण देतो. कमी पडला तर बोल्ट सुटतो, जास्त झाला तर तो आतून थकतो आणि कधीतरी तुटतो. म्हणून टॉर्क रेंच असतो. ठरावीक जोराला तो कटकन आवाज करतो. पण तो रेंचही आपोआप विश्वासार्ह नसतो. पाच हजार वापरांनी किंवा बारा महिन्यांनी त्याची तपासणी व्हावी, असे आंतरराष्ट्रीय मानकाने सुचवलेले आहे. बोल्ट आवळल्यावर कामगार त्यावर रंगाची खूण करतो. ही खूण म्हणजे त्याने केलेल्या तपासणीची सही. आणि जिथे माणूस विसरणारच, तिथे चुकीचा जोड बसूच नये अशी रचना करतात. तिला लाईनवर 'पोका-योके' हा जपानी शब्द सर्रास वापरला जातो. आपोआप पक्के होणारे नवे हार्नेसचे बकल हे तेच आहे.

सह्याद्रीच्या कातळात ठोकलेला बोल्टही याच नियमाने धरतो. तो कमी आवळला तर आतली पाचर फाकत नाही. जास्त आवळला तर बोल्टला नाहीतर बेसॉल्टला तडा जातो. पुढे चार महिने पाऊस खाऊन तो गंजला, की बाहेरून दिसणारे डोके आणि आतली स्थिती यांचा संबंध उरत नाही. पूर्वी कोणीतरी मारलेल्या बोल्टवर निमूटपणे दोर लावणे म्हणजे कधीच न तपासलेल्या रेंचवर भिस्त ठेवणे.

आता आमच्या मनातला खरा प्रश्न. सहा दिवस टॉर्क रेंचचा आवाज ऐकल्याशिवाय पुढच्या बोल्टकडे न जाणारे हे शहर सातव्या दिवशी "फक्त विश्वास ठेवा" या वाक्यावर कड्यावरून मागे का झुकते? कामाच्या जागी मापाला जागणारी माणसे करमणुकीच्या जागी, देवळाच्या रांगेत, दवाखान्याच्या बाकावर, शाळेच्या बसमध्ये मापाचा विचार सोडून का देतात? आमच्या मते याचे कारण अज्ञान नाही, संकोच आहे. तपासणे म्हणजे समोरच्यावर अविश्वास दाखवणे, अशी आपली समजूत आहे. "आमच्यावर विश्वास नाही का?" या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर नसते. बकल बघू का, असे विचारणारा उद्धट ठरतो. न विचारणारा सुसंस्कृत.

यावर आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. प्रत्येकाने प्रत्येक गोष्ट तपासायची म्हटले तर जगणे थांबेल. आपण विमानाचे रिव्हेट मोजत नाही, लिफ्टची तार पाहत नाही. जाणकारावर भिस्त ठेवल्यावाचून समाज चालत नाही. हे आम्हांला मान्य आहे. पण विमानाच्या बाबतीत आपण वैमानिकाच्या हसण्यावर विसंबत नाही. आपल्या नजरेआड कोणीतरी, ठरलेल्या वेळी, लेखी खूण करून तपासले आहे, यावर विसंबतो. तिथला विश्वास व्यक्तीवर नसून तपासणीवर असतो. जिथे तशी व्यवस्था आहे तिथे तिच्यावर जरूर विसंबावे. जिथे ती नाही, किंवा आहे की नाही हे कळत नाही, तिथे तपासणी आपल्याच बोटावर येते. २०२१ साली राज्य शासनाने साहसी पर्यटनाचे धोरण आणले, नोंदणीची अपेक्षा ठेवली. हे योग्यच झाले, आणि आयोजकाला नोंदणी विचारणे हा सहभागी होणाऱ्याचा हक्क आहे. पण नोंदणीचा कागद पट्टा उलटा ओवत नाही.

शिवाय, सामान्य माणसाला तपासता येण्याजोगे फार थोडे आहे असेही नाही. बकलातून पट्टा परत आला आहे का, कॅराबिनरचे फाटक कुलूपबंद आहे का, जादा गाठ लावली आहे का, डोक्यावरचे हेल्मेट हलवले तर हलते का : या चार गोष्टी पाहायला अर्धा मिनिट लागतो आणि कोणतीही पदवी लागत नाही. त्यासाठी लागते ती संकोच सोडण्याची तयारी. आणि आयोजकाकडून लागते ती विचारल्याबद्दल राग न मानण्याची तयारी. किंबहुना, कोणी विचारले नाही तर आपणच त्याचे बोट बकलावर ठेवण्याची.

'विश्वास' हा शब्द मूळ 'श्वस्' या धातूपासून आलेला आहे. श्वास घेणे हा त्याचा अर्थ. विश्वास म्हणजे निर्धास्तपणे श्वास घेता येणे. ही अवस्था आहे, कृती नाही. ती हुकमाने आणता येत नाही. 'विश्वास ठेवा' असे सांगणे हे 'निर्धास्त व्हा' असे सांगण्यासारखे आहे. सांगून कोणी निर्धास्त होत नाही, फार तर श्वास रोखून धरतो. बकलावर बोट ठेवल्यानंतर आमच्या सहकारी मॅडमनी सोडलेला तो लांब श्वास आम्ही काठावर उभे राहून ऐकला आहे. या शब्दाची व्युत्पत्ती आम्ही कितीदा फळ्यावर लिहिली होती. तिचा अर्थ आम्हांला त्या दिवशी ऐकू आला.

लेख दुसऱ्यांना उपदेश करून संपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही, कारण आमचा स्वतःचा व्यवसायही "विश्वास ठेवा"वरच बराचसा चालतो. आम्ही टिपणे देतो, मुले ती पाठ करतात. कवितेचा अर्थ आम्ही सांगितला म्हणून खरा. मूळ कविता उघडून त्यावर बोट ठेवून पाहा, असे आम्ही क्वचितच म्हणतो. कोणी शंका विचारली तर आम्हांलाही आत कुठेतरी 'याचा आमच्यावर विश्वास नाही का' असे वाटून जाते. ज्या मुलाला आम्ही बी.ए.ला बेताचे गुण दिले, त्याला हे आमच्यापेक्षा चांगले समजले होते, आणि ते त्याला आमच्या वर्गात समजले नव्हते. लाईनवर, रंगाची खूण करता करता समजले होते.

यंदा वाक्प्रचारांचा पाठ घेताना 'सुतावरून स्वर्ग गाठणे' याचा पुस्तकातला अर्थ आम्ही सांगितलाच. तो चुकीचा नाही आणि परीक्षेत तोच लागतो. पण त्यानंतर सहा मिलिमीटरच्या दोरीचा एक तुकडा वर्गात फिरवला, टेबलाच्या पायाला जाड दोर बांधून त्यावर वेढे घालून दाखवले आणि मुलांना ओढून पाहायला सांगितले. पहिल्या मुलाच्या हातून गाठ सरकली. त्याने आमच्याकडे पाहिले. आम्ही काही बोललो नाही. त्याने आणखी एक वेढा घातला आणि पुन्हा ओढून पाहिले.